मुदत संपली, ती कुणाची?

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

श्रोतेहो, १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी आपल्या घरांतले, दुकानांतले, शाळांतले कितीतरी संगणक एका रात्रीत म्हातारे ठरले. त्यांची कळ तुटली नव्हती, पडदा गेला नव्हता. आदल्या दिवशी जसे चालत होते तसेच ते दुसऱ्या दिवशीही चालले. घडलं एवढंच, की मायक्रोसॉफ्ट कंपनीनं २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणलेल्या ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या पुरवणं त्या दिवशी थांबवलं. घरगुती वापर करणाऱ्यांपैकी जे नोंदणी करतील, त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वर्षभराची सवलत जाहीर झाली. पण सवलत ती सवलतच.

बरं, मग पुढची ‘विंडोज ११’ घ्यावी म्हटलं, तर तिच्या अटी आहेत. संगणकात ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय हवी. प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, म्हणजे २०१७च्या अखेरीपासून आलेला. २०१५-१६ साली हौसेनं घेतलेलं, अजून ठणठणीत असलेलं यंत्र या अटींत बसत नाही. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘साहेब, आता नवीनच घ्या.’

मला इथं एक साधा प्रश्न पडतो. मुदत संपली ती कुणाची? यंत्राची, की त्या यंत्रासाठी एका कंपनीनं दिलेल्या शब्दाची?

हा प्रश्न शब्दांचा खेळ नाही. ज्या घरात दोन मुलं एकाच संगणकावर पाळीपाळीनं अभ्यास करतात, त्या घरासाठी नवा संगणक म्हणजे काही महिन्यांची काटकसर असते. म्हणून उत्तर नीट शोधायला हवं.

यंत्र वेगळं, यंत्रणा वेगळी

तुम्ही आत्ता माझं बोलणं ज्या रेडिओवर ऐकता आहात, त्याच्यावर उद्या एखादं केंद्र लागेनासं झालं तर तुम्ही रेडिओ भंगारात देत नाही. सुई सरकवून दुसरं केंद्र लावता. संगणकाचं अगदी असंच नसलं, तरी बरंचसं असं आहे. लोखंड, तांबं आणि सिलिकॉनचं यंत्र वेगळं. आणि त्या यंत्राला कामाला लावणारी, आज्ञांची बनलेली यंत्रणा वेगळी. या यंत्रणेला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. तुम्ही कळ दाबता तेव्हा अक्षर पडद्यावर आणणं, फाइल कुठं ठेवली ते लक्षात ठेवणं, प्रिंटरकडे मजकूर पाठवणं, एकाच वेळी चालणाऱ्या चार कामांत मेंदूचा वेळ वाटून देणं, ही सगळी तिची कामं. विंडोज ही अशी एक यंत्रणा. पण ती एकुलती एक नाही.

दुसरी मोठी यंत्रणा म्हणजे लिनक्स. ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं, आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत आहोत, असं जाहीर केलं. त्यानं लिहिला तो यंत्रणेचा गाभा. त्याच्याभोवती लागणारी बरीचशी अवजारं आधीच तयार होत होती. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प जाहीर केला होता, त्यातून ती आली. गाभा आणि अवजारं एकत्र आली आणि जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालणारे आहेत. तेव्हा ‘हे काहीतरी हौशी लोकांचं खेळणं असेल’ ही शंका मनातून काढून टाकायला हरकत नाही.

लिनक्सचा गाभा एकच असला तरी तो निरनिराळ्या रूपांत मिळतो. पिठलं एकच, पण घरोघरची चव वेगळी, तसं. या रूपांना वितरणं म्हणतात. डेबियन १९९३ पासूनचं, उबुंटू २००४चं, लिनक्स मिंट २००६चं. आपल्याकडे सी-डॅकनं २००७ साली ‘बॉस’ नावाचं भारतीय भाषांचा विचार करणारं वितरण काढलं. विंडोजची सवय असलेल्या माणसाला लिनक्स मिंट सोपं जातं, कारण खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, घड्याळ उजवीकडे, ही मांडणी ओळखीची असते.

हे सगळं फुकट मिळतं. पण फुकट हा त्याचा मुख्य गुण नव्हे. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे या चळवळीला आपलं म्हणणं समजावून सांगताना बरेच कष्ट पडले. मराठीत ती अडचण नाही. आपल्याकडे ‘फुकट’ वेगळं आणि ‘मुक्त’ वेगळं. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ते कुठल्याही कामासाठी वापरण्याची, आतून कसं चालतं ते पाहण्याची, दुसऱ्याला प्रत देण्याची आणि त्यात बदल करून तो बदल वाटण्याची मुभा. अशा यंत्रणेचं एक वितरण उद्या बंद पडलं, तरी दुसरं उचलता येतं. जुन्या यंत्राच्या मालकाला हवं असतं ते हेच. आपल्या यंत्राचं आयुष्य एकाच दाराच्या उघडझापीवर अवलंबून नको.

‘चालतंय की, मग कशाला बदला?’

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो आणि तो रास्त आहे. उत्तर असं. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कोट्यवधी ओळींच्या आज्ञा असतात आणि त्यांत चुका असतातच. चोर त्या चुका शोधतात, कारागीर त्या बुजवतात. मुदत संपली म्हणजे कारागीर यायचा थांबला. चोर मात्र थांबत नाही.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरनं जगभर हाहाकार उडवला होता. विंडोजमधल्या ज्या चुकीतून ते शिरलं, तिची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच निघालेली होती. ज्या यंत्रांवर ती बसवलेली नव्हती, ती सापडली. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. दुरुस्ती उपलब्ध असताना ही गत, तर दुरुस्ती येणंच थांबलेल्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणं किती धोक्याचं, ते तुम्हीच ठरवा.

इथं दुसऱ्या टोकाचाही एक समज दूर करतो. ‘लिनक्सला व्हायरस लागतच नाही’ असं सांगणारे भेटतात. तसं नाही. घरगुती लिनक्सवर हल्ले तुलनेनं कमी होतात आणि चुका सापडल्या की दुरुस्त्या येत राहतात, एवढं खरं. फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्या भामट्यापुढे मात्र कुठलीही यंत्रणा कामाची नाही.

वाचनालयातला संगणक

आमच्या गावच्या वाचनालयात २०१४ साली देणगीतून घेतलेला एक संगणक आहे. चार जीबी मेमरी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. त्यावर तीन गोष्टी होत्या. हजारो पुस्तकांची यादी, सभासदांची वर्गणी आणि वाचनालयाच्या स्मरणिकांचा मजकूर. स्मरणिकांत गावातल्या कितीतरी माणसांच्या आठवणी होत्या आणि लिहिणाऱ्यांपैकी काही आता हयात नाहीत. सुरू व्हायला तो पाच-सहा मिनिटं घ्यायचा. आमच्या ग्रंथपालबाई बटण दाबून पुस्तकांवरची धूळ झटकायला जात आणि परत येईतो तो जेमतेम जागा झालेला असे.

विंडोज १०ची मुदत संपत आली तेव्हा कार्यकारिणीत दोन तट पडले. ‘सर, मोडीत काढा, वर्गणी गोळा करू,’ असं तरुण सभासद म्हणाले. बाई म्हणाल्या, ‘यंत्र मोडीत काढाल हो, पण आतल्या लिहिण्याचं काय?’ बाईंचा प्रश्न खरा होता. यंत्रणा बदलणं हे एका दुपारचं काम. आतली मराठी सुखरूप पलीकडे नेणं, हे खरं काम.

कमल आणि तीन इंग्रजी अक्षरं

ही गोष्ट थोडी समजून घेऊ, कारण मराठीत संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाशी तिचा संबंध आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. पूर्वी ही सोय मुख्यतः इंग्रजीपुरती होती. तेव्हा आपल्याकडच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरी अक्षरांची चित्रं बसवली. उदाहरणार्थ ‘कृतिदेव’ फॉन्टमध्ये ‘डी’च्या जागी ‘क’, ‘ई’च्या जागी ‘म’ आणि ‘वाय’च्या जागी ‘ल’ आहे. तुम्ही ‘कमल’ लिहिलंत की पडद्यावर कमल दिसते. पण फाइलमध्ये साठतात ती डी, ई, वाय ही तीन इंग्रजी अक्षरं, म्हणजे १००, १०१ आणि १२१ हे तीन आकडे. जोवर तो फॉन्ट त्या यंत्रावर आहे, तोवर सोंग वठतं. फॉन्ट गेला की कमल नाहीशी होते आणि तीन परकी अक्षरं समोर उभी राहतात.

श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सी-डॅकचे सुरेखसारखे फॉन्ट, असे कितीतरी संच महाराष्ट्रात चालले आणि त्यांच्या जुन्या रूपांत प्रत्येकाची चित्रं बसवण्याची रीत वेगळी. छापखान्यांनी, वर्तमानपत्रांनी, कवींनी त्यांत वर्षानुवर्षं लिहिलं. त्या काळाची ती गरज होती आणि त्या कारागिरांचे आपल्यावर उपकारच आहेत.

नंतर युनिकोड आलं. जगातल्या लिप्यांतल्या अक्षरांना आपापला कायमचा क्रमांक देणारी ही पद्धत. १९९१च्या तिच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५, ‘म’चा २३५० आणि ‘ल’चा २३५४. कुठलाही फॉन्ट लावा, विंडोज असो की लिनक्स, फोन असो की टीव्ही, २३२५ म्हणजे ‘क’च. आज आपण फोनवर जे मराठी लिहितो, ते युनिकोडमध्येच.

तेव्हा यंत्रणा बदलण्याआधी आपल्या फाइली कुठल्या जातीच्या आहेत, ते पाहून घ्यावं. ओळखायची खूण सोपी. फाइलमधली एक ओळ निवडा आणि फॉन्ट बदलून एखादा इंग्रजी फॉन्ट लावा. मजकूर मराठीच राहिला तर तो युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा चिवडा झाला तर तो जुन्या फॉन्टमधला.

चिवडा होणाऱ्या फाइलींसाठी दोन कामं करावीत आणि ती जुनी विंडोज चालू असतानाच करावीत. पहिलं, अशा प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची फॉन्टसह पीडीएफ काढून ठेवावी. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं जशीच्या तशी राहतात, त्यामुळे मूळ मजकूर कसा दिसत होता याचा पुरावा हाती राहतो. दुसरं, फॉन्ट-परिवर्तकानं मजकूर युनिकोडमध्ये आणावा. असे परिवर्तक महाजालावर मिळतात. मात्र आपल्या फॉन्टचं नाव आणि आवृत्ती पाहून योग्य तो निवडावा लागतो.

परिवर्तक चुका करतात आणि कुठं करतात हेही ठाऊक असलेलं बरं. ‘किती’ हा शब्द लिहिताना आपण आधी ऱ्हस्व वेलांटी काढतो, मग क. जुने फॉन्टही वेलांटी आधी साठवत. युनिकोडमध्ये मात्र आपण उच्चारतो तसा आधी क आणि मग वेलांटी. ‘सूर्य’मधला रफार अक्षराच्या डोक्यावर असतो, म्हणून जुने फॉन्ट तो अक्षरानंतर ठेवत. युनिकोडमध्ये तो ‘य’च्या आधी येतो. हा क्रम फिरवताना गडबड होते. मराठीपुरता आणखी एक नाजूक सांधा आहे. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ या शब्दांतला तो आडवा, लवलेला र. हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या परिवर्तकाला तो नेमका जमेलच असं नाही आणि मग ‘दऱ्या’ची ‘दर्या’ होते. डोंगरातली खोल जागा एका क्षणात समुद्र होऊन बसते! म्हणून परिवर्तनानंतर पीडीएफ शेजारी ठेवून माणसाच्या डोळ्यांनी एकदा वाचायला हवंच. आमच्या वाचनालयात कॉलेजातल्या चार मुलींनी आणि दोन निवृत्त शिक्षकांनी हे वाचन आठवड्यांवर वाटून घेतलं. त्या निमित्तानं त्या मुलींनी आपल्या आजोबांच्या पिढीचं गाव वाचलं, हा वरचा लाभ.

हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. माझ्या घरी मराठीबरोबर उर्दूही वाचली-लिहिली जाते. उर्दूत ‘इनपेज’च्या जुन्या आवृत्त्यांत टाइप केलेल्या मजकुराची हीच कथा आहे. तोही युनिकोडमध्ये आणावा लागतो. आणला, की लिनक्सवर डावीकडून उजवीकडे जाणारी मराठी आणि उजवीकडून डावीकडे येणारी उर्दू एकाच पानावर सुखानं नांदतात.

प्रत्यक्ष बदल : पायरीपायरीनं

आता करायचं कसं, ते क्रमानं सांगतो. कागद-पेन्सिल घेतलीत तरी चालेल.

पहिली पायरी, यंत्र पाहणं. लिनक्स मिंटला किमान दोन जीबी मेमरी आणि वीस जीबी जागा लागते. सुखानं चालायला चार जीबी मेमरी आणि शंभर जीबी जागा असावी, असं ते वितरणकारच सांगतात. प्रोसेसर ६४ बिटचा हवा. गेल्या पंधरा वर्षांतल्या बहुतेक संगणकांचा तो असतोच. मिंट तीन रूपांत मिळतं आणि त्यांतलं ‘एक्सएफसीई’ हे सर्वांत हलकं. अशक्त यंत्राला तेच द्यावं.

दुसरी पायरी, प्रत काढून ठेवणं. फोटो, हिशेब, कागदपत्रं, सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवावं आणि ते दुसऱ्या संगणकावर उघडतं का, हे प्रत्यक्ष पाहावं. नुसतं ‘कॉपी झालं’ यावर विसंबू नये. विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’चं कुलूप लावलेलं असेल तर त्याची किल्ली, म्हणजे तो लांबलचक आकडा, आधी लिहून ठेवावा.

तिसरी पायरी, पेनड्राइव्ह तयार करणं. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ नावाची फाइल उतरवावी, ती साधारण तीन जीबीची असते. ‘रुफस’ किंवा ‘बलेना एचर’ या मोफत साधनानं ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. नुसती कॉपी करून चालत नाही. आणि पेनड्राइव्हवर आधीचं जे असेल ते पुसलं जातं, हे ध्यानात ठेवावं.

चौथी पायरी मला सगळ्यांत आवडते. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करायचा आणि सुरू होतानाच एफ-१२, एफ-२, एस्केप किंवा डिलीट यांपैकी त्या कंपनीनं नेमलेली कळ दाबून ‘पेनड्राइव्हवरून सुरू हो’ असं सांगायचं. मग सगळं लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालतं. तुम्ही होऊन काही करत नाही तोवर तुमच्या हार्ड डिस्कला हातही लागत नाही. घर घेण्याआधी चार दिवस राहून पाहावं, तसं. आवाज येतो का, वायफाय लागतं का, प्रिंटर छापतो का, मराठी नीट दिसते का, हे सगळं इथंच तपासायचं. वेग मात्र इथं जोखू नका, कारण पेनड्राइव्ह मुळात मंद. काही नाही पटलं, तर पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करायचा. जुनी विंडोज जागच्या जागी असते.

पाचवी पायरी, प्रत्यक्ष बसवणं. इथं दोन वाटा फुटतात. एक, विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवणं. मग सुरू होताना कुठली यंत्रणा हवी ते निवडता येतं. दुसरी, संपूर्ण डिस्क पुसून फक्त लिनक्स ठेवणं. दुसऱ्या वाटेवर परतीचा रस्ता नाही. म्हणून ‘डिस्क पुसा’ हे बटण दाबण्यापूर्वी ती बाहेरची प्रत आणखी एकदा डोळ्यांखालून घालावी.

सहावी पायरी, घर लावणं. आधी ताज्या दुरुस्त्या बसवाव्यात. मग कळफलकाच्या मांडणीत मराठी जोडावी. इनस्क्रिप्ट येत असेल तर ती आहेच, उच्चारानुसार लिहिण्याचीही सोय आहे. पत्रं आणि तक्ते यांच्यासाठी ‘लिबर ऑफिस’ सोबतच येतं. त्यात वर्ड आणि एक्सेलच्या फाइली उघडतात, मात्र गुंतागुंतीची सजावट असेल तर थोडी हलू शकते. त्यात देवनागरीसाठीचा फॉन्ट इंग्रजीपेक्षा वेगळा नेमावा लागतो. तो एकदाच नेमून ठेवला की अक्षर एकसारखं राहतं.

वाचनालयाच्या यंत्रात आम्ही आणखी एक बदल केला. फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क बसवली. जुन्या संगणकाचा वेग वाढवण्यासाठी जर एकाच वस्तूवर खर्च करायचा असेल, तर तो यावर करावा. आता बाईंना धूळ झटकायला वेगळा वेळ काढावा लागतो.

कुणी या वाटेला जाऊ नये?

प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळ्यांनी जाऊ नये. ज्यांचा धंदा टॅलीवर चालतो, जे फोटोशॉपवर पोट भरतात, ज्या छापखान्याचं सगळं काम जुन्या मराठी फॉन्टवर अडलं आहे, त्यांनी विंडोज ठेवावी आणि तिची योग्य ती सोय करावी. ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत. ‘वाइन’ नावाच्या साधनानं विंडोजची काही सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतात, पण रोजीरोटी त्या भरवशावर ठेवू नये. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, बोटांचे ठसे घेणारं यंत्र, एखादा जुना प्रिंटर, यांची साहाय्यक सॉफ्टवेअर लिनक्ससाठी मिळतात का, हे त्या त्या कंपनीला आधी विचारावं. आणि दोन जीबी मेमरीच्या यंत्रावर लिनक्स चपळ वाटेल, पण आजची जडजंबाल संकेतस्थळं तिथंही जडच राहतील. यंत्रणा बदलली म्हणून मेमरी वाढत नाही.

आणखी एक गोष्ट. हा बदल तांत्रिक कमी आणि माणसांचा जास्त असतो. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेनं २००३ साली लिनक्सकडे जायचं ठरवलं आणि २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले. २०१७ साली तिथल्याच सभागृहानं पुन्हा विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. इतरांशी कागदपत्रांची देवाणघेवाण, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी, राजकारण, सगळंच त्यात आलं. उलट आपल्याकडे केरळनं शाळांपासून सुरुवात केली. शिक्षकांना आधी शिकवलं, मल्याळम भाषेची सोय केली, पाठ्यपुस्तकं त्यानुसार लिहिली आणि तिथल्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकत आली आहेत. यंत्रणा दोन्हीकडे लिनक्सच होती. अडलेल्या माणसाच्या शेजारी बसून ‘थांब, दाखवतो’ म्हणणारं कुणी असलं की तीच यंत्रणा अंगवळणी पडते. आमच्याकडेही बाईंना पहिले पंधरा दिवस एक मुलगा रोज अर्धा तास सोबत करत होता. ते पंधरा दिवस नसते, तर बाकीचं सगळं वाया गेलं असतं.

भंगाराच्या आधी

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात २०२२ या एका वर्षात सहा कोटी वीस लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराकडे गेल्याची नोंद आहे. बाकीचा कुठं जातो, ते आपल्या शहरांच्या कडेला तारा जाळून तांबं काढणारी मुलं सांगू शकतील. संगणक बनवताना जी खनिजं खणली जातात, जी वीज आणि पाणी लागतं, तो खर्च आधीच झालेला असतो. यंत्र आणखी चार-पाच वर्षं वापरात राहिलं, तर तो खर्च तेवढा सार्थकी लागतो. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आजीला हे कुणी समजावून सांगावं लागलं नसतं.

आणि यंत्र खरोखरच थकलं असेल, मदरबोर्ड गेला असेल, तर त्याला निरोप द्यावाच. पण तो अधिकृत ई-कचरा केंद्रात आणि डिस्कवरची माहिती नीट पुसून.

तेव्हा श्रोतेहो, घरातल्या कोपऱ्यात कापड घालून ठेवलेला संगणक असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एका रविवारी तो उघडा. आधी आतलं लिहिलेलं बाहेर काढा, ते कुठल्या अक्षरांत आहे ते पाहा. मग एक पेनड्राइव्ह तयार करा आणि शेजारच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला सोबत बसवा. तुमच्या कामाला ही यंत्रणा पुरते की नाही, ते तासाभरात कळेल. पुरली तर उत्तम. नाही पुरली तरी जुनं लिहिणं सुखरूप झालेलं असेल. नमस्कार.